मानसशास्त्रातले दृष्टिकोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि कुतूहलापोटी वाचणारे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दृष्टिकोन, उपपत्ती आणि प्रारूप हे शब्द पुस्तकात अदलूनबदलून येतात. फरक काय?

फरक व्याप्तीचा आहे. पुरावा कशाला म्हणायचं आणि कारण म्हणून काय चालेल, हे दृष्टिकोन ठरवतो. बाहेरून मोजता येईल तेवढंच विचारात घ्यायचं, ही वर्तनवादाची भूमिका म्हणजे दृष्टिकोन. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक असतो ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम त्या वाटेवरची उपपत्ती. प्रारूप त्याहून नेमकं असतं. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये मांडलेलं समीकरण प्रत्येक फेरीनंतर शिकणं कितीने वाढेल हे आकड्यात सांगतं.

उपपत्ती प्रयोगाने खोडता येते. दृष्टिकोन सहसा खोडला जात नाही, त्याच्याकडे विचारण्यासारखे प्रश्न संपतात आणि तो मागे पडतो. म्हणून ‘वर्तनवाद खोटा ठरला’ हे वाक्य जरा ढिलं आहे.

२. मुख्य दृष्टिकोन नेमके किती? एका पुस्तकात पाच, दुसऱ्यात सात.

दोन्ही बरोबर. मनोविश्लेषणात्मक, वर्तनवादी, मानवतावादी, बोधनिक (विचार, स्मृती अशा मनोव्यापारांवर भर देणारा) आणि जैविक हे पाच जवळजवळ सगळीकडे सापडतात. सामाजिक-सांस्कृतिक आणि उत्क्रांतिवादी वेगळे मोजले की सात होतात, काही लेखक उत्क्रांतिवादी जैविकातच धरतात. परीक्षेपुरता आपल्या अभ्यासक्रमातला आकडा धरावा.

३. मानसशास्त्र फ्रॉइडनेच सुरू केलं ना?

नाही. विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली ते १८७९ साल, तेव्हा फ्रॉइड २३ वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी होता. वुंट यांच्या प्रयोगशाळेत तरबेज केलेले निरीक्षक एखादा आवाज किंवा रंग अनुभवताना मनात काय घडतं ते सांगत. या आत्मनिरीक्षणाच्या पद्धतीची अडचण पुढे उघडी पडली. एका प्रयोगशाळेतले लोक म्हणत की प्रतिमेशिवाय विचार होऊ शकतो, दुसरीकडचे म्हणत की शक्यच नाही. यात खरं कोण, हे ठरवायला बाहेरचं माप नव्हतं. जॉन वॉटसनने १९१३ मध्ये वर्तनवादाचा जाहीरनामा मांडला तो याच वैतागातून.

४. एकच प्रसंग सगळ्या दृष्टिकोनांतून कसा दिसतो, ते दाखवाल का?

असा विद्यार्थी घेऊ, जो वर्गासमोर बोलायची वेळ आली की काही ना काही कारण काढून सटकतो.

वर्तनवादी विचारेल, सटकल्यावर काय होतं? छातीतली धडधड लगेच थांबते, आणि त्या सुटकेमुळे पुढच्या वेळी सटकणं आणखी सोपं होतं (प्रश्न ६). भीती सुरू कशी झाली? एकदा बोलताना अडखळला, वर्ग हसला आणि व्यासपीठ हेच भीतीचं चेतक (प्रतिक्रिया जागवणारी गोष्ट) बनलं. दहा संधींपैकी किती टाळल्या, हे त्याचं माप.

बोधनिक मानसशास्त्रज्ञ विचार पकडतो : ‘माझा आवाज थरथरतोय हे सगळ्यांना कळतंय.’ हा दावा तपासता येतो. बोलण्याआधी ‘थरथर किती दिसेल’ याला शून्य ते शंभर गुण द्यायचे, बोलणं चित्रित करायचं, आणि परक्या माणसाचं बोलणं पाहावं तसं ते पाहून पुन्हा गुण द्यायचे. दोन आकड्यांमधली तफावत बहुधा मोठी निघते, कारण बोलताना त्याचं लक्ष श्रोत्यांकडे नसतंच, स्वतःच्या घशाकडे असतं.

जैविक बाजू अॅड्रेनलिन, हृदयाचे ठोके आणि उपजत स्वभाव पाहते. थरथर कमी करणारी औषधं डॉक्टर कधीकधी देतात. त्यांनी हात स्थिर होतो, ‘लोक हसतील’ हा विचार मात्र गोळीने जाईलच असं नाही. मनोविश्लेषक विचारेल की श्रोत्यांच्या जागी मनातल्या मनात कोण बसलंय, लहानपणी सतत चुका काढणारं कुणी तर नाही ना. मानवतावादी त्याला जोडून म्हणेल की या मुलाला आजवर स्वीकार अटी घालूनच मिळाला. सामाजिक-सांस्कृतिक दृष्टीला मुळातच शंका येईल : गप्प राहणं ही इथे अडचण मानली जाते की शालीनता? आणि उत्क्रांतिवादी म्हणेल की ज्या पूर्वजांचं जगणं टोळीवर अवलंबून होतं, त्यांना टोळीची नापसंती फार महागात पडत असणार.

ही एकाच प्रश्नाची सात उत्तरं नाहीत. सवय कशावर टिकून आहे, ती कुठून आली, याच मुलात का आली, माणसाच्या जातीतच का आहे, असे हे वेगवेगळे प्रश्न आहेत. ‘यातला खरा दृष्टिकोन कोणता’ म्हणून जे वाद रंगतात, त्यातले बरेच इथेच विरघळतात. उरतात ते खरे वाद, त्यासाठी प्रश्न ८ आणि १४ पाहा.

५. अभिजात आणि साधक अभिसंधान यांत दर वेळी गोंधळ होतो. झटकन ओळखायची खूण?

अभिसंधान म्हणजे अनुभवातून दोन गोष्टी जोडायला शिकणं. एकच प्रश्न विचारा : त्या जिवाने काहीच केलं नसतं तरी पुढची गोष्ट घडली असती का? घडली असती तर अभिजात. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याने लाळ गाळली नाही तरी आवाजानंतर अन्न येणारच होतं. कृतीवाचून गोष्ट घडलीच नसती, तर साधक. स्किनरच्या पेटीतल्या उंदराने दांडी दाबली नाही तर दाणा पडत नाही.

‘आपोआप होणारं ते अभिजात, मुद्दाम केलेलं ते साधक’ ही खूण पुस्तकांत असते, पण ती दगा देते. खऱ्या प्रसंगात दोन्ही एकात एक गुंतलेली असतात. कुत्रा चावल्यावर कुत्र्याची भीती बसणं हे अभिजात, आणि कुत्रा दिसताच रस्ता बदलायची सवय लागणं हे साधक.

६. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

अजिबात नाही. सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे. ‘ऋण’ म्हणजे वाईट नव्हे, वजा. दोन प्रश्न विचारायचे आणि याच क्रमाने. आधी : ते वर्तन पुढे वाढलं की घटलं? वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. मग : काही दिलं गेलं की काढून घेतलं गेलं? दिलं तर धन, काढलं तर ऋण. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंकटुंक वाजत राहतं आणि लावताच थांबतं. पट्टा लावणं वाढलं, आवाज काढून घेतला गेला, म्हणून हे ऋण प्रबलन.

क्रम उलटा केला की फसगत होते, कारण आपण हेतू बघायला लागतो. शिक्षक रागावतात आणि मुलाची दंगा करण्याची वारंवारता वाढते, तर त्यांना काहीही वाटो, तांत्रिकदृष्ट्या ते रागावणं धन प्रबलन आहे, त्यातून लक्ष मिळतंय. नावडत्या तासाला वर्गाबाहेर काढलेला मुलगा पुढच्या वेळी आणखी लवकर दंगा करतो. तेही प्रबलनच, फक्त ऋण.

७. मुलाच्या हट्टाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं. केलं, तर हट्ट वाढला! मग ही उपपत्ती चुकीची का?

प्रबलन थांबलं की वर्तन विझण्याआधी बरेचदा उसळतं, इतकी ही गोष्ट अपेक्षित आहे. दांडी दाबूनही दाणा पडत नाही म्हटल्यावर उंदीरही आधी जोरजोरात दाबतो. बिघडलेल्या लिफ्टचं बटण आपण कसं दाबतो ते आठवा.

खरी चूक पुढे होते. आईबाबा तीन रात्री टिकतात, चौथ्या रात्री कंटाळून मान तुकवतात. आता मुलाने दोन गोष्टी शिकल्या : जास्त जोरात रडावं लागतं, आणि कधी ना कधी मिळतंच. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनावर बसलेली सवय दर वेळी मिळणाऱ्यापेक्षा विझायला कितीतरी जड जाते. म्हणून मधेच सोडण्यापेक्षा सुरू न केलेलं बरं. सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : रडण्यामागे दुखणं, भूक किंवा भीती नाही ना, घरातले सगळे एकाच पद्धतीने वागणार आहेत ना, आणि हट्टाऐवजी नीट मागितलं तर त्याला लगेच दाद मिळणार आहे ना. विझलेलं वर्तन काही दिवसांनी अचानक डोकं वर काढतं, त्याला उत्स्फूर्त पुनरागमन म्हणतात. त्या वेळीही दाद दिली नाही, तर ते सहसा लवकर शमतं.

८. वर्तनवाद नेमका कुठे अडला?

चार ठिकाणी, आणि त्यातले तीन धक्के प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच बसले, हे विशेष.

पहिला टोलमन आणि होन्झिक यांचा, १९३० चा. उंदरांचा एक गट दहा दिवस चक्रव्यूहात नुसताच हिंडला, शेवटी अन्न नव्हतं. अकराव्या दिवशी अन्न ठेवलं, आणि बाराव्या दिवशी त्यांच्या चुका पहिल्यापासून अन्न मिळणाऱ्या गटाइतक्या खाली आल्या. म्हणजे बक्षिसाशिवायही ते शिकत होते, दाखवत नव्हते. याला सुप्त अध्ययन म्हणतात. प्रबलनाने शिकणं घडतं की शिकलेलं बाहेर पडतं, हा प्रश्न तिथून उभा राहिला.

दुसरा गार्सिया आणि कोलिंग यांचा, १९६६ चा. उंदीर पाणी पिताना चव, प्रकाश आणि आवाज तिन्ही एकदम दिले. नंतर काहींना आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी ती चव टाळली, झटका बसलेल्यांनी प्रकाश-आवाज. कुठलंही चेतक कुठल्याही परिणामाशी सारख्याच सहजतेने जोडता येतं, हे गृहीतक इथे कोसळलं. शिवाय चवीची नावड आजार काही तासांनी आला तरी बसते. दोन गोष्टी लागोपाठ आल्या तरच जोडल्या जातात, या नियमाला तो मोठा अपवाद.

तिसरा ब्रेलँड पतिपत्नींचा, १९६१ चा. स्किनरच्या पद्धतीने रॅकूनला नाणी डबीत टाकायला शिकवली, तर काही काळाने तो नाणी टाकायचं सोडून एकमेकांवर घासत बसू लागला. बक्षीस हुकत होतं, तरी उपजत वर्तन वरचढ ठरलं.

चौथा भाषेचा. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये दाखवून दिलं की मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बनवतं आणि समजतं, त्याचा हिशेब निव्वळ प्रबलनाने लागत नाही. एवढं होऊनही वर्तन बदलण्याचं तंत्र म्हणून वर्तनवाद आजही रोज वापरात आहे. मनाचं संपूर्ण स्पष्टीकरण देण्याचा दावा तेवढा गेला.

९. फ्रॉइडचं बरंचसं सिद्ध होत नाही, मग शिकवायचा कशाला?

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप असा होता की फ्रॉइडच्या मांडणीत काहीही घडलं तरी बसतं. मुलगा वडिलांवर चिडला तर द्वेष, फार प्रेमाने वागला तर द्वेषाची उलटी प्रतिक्रिया. चुकीचं ठरण्याची जोखीमच नसेल तर विज्ञान कसं? आक्षेप वजनदार आहे. इदम् (उपजत इच्छा), अहम् (वास्तवाचं भान) आणि पराहम् (नीतीचा आवाज) ही १९२३ ची विभागणी मेंदूत शोधू नये, ती रूपकं आहेत.

पण त्या घरातून बाहेर पडलेल्या काही कल्पना तपासता आल्या. जॉन बोल्बी मनोविश्लेषक होते. त्यांनी प्राणिवर्तनशास्त्राची जोड देऊन आसक्तीची (बाळाचं जवळच्या माणसाशी जडणाऱ्या नात्याची) उपपत्ती मांडली, आणि मेरी एन्सवर्थ यांनी आई खोलीतून जाते आणि परत येते तेव्हा बाळ काय करतं, हे टप्प्याटप्प्याने नोंदवायची पद्धत बसवली. बाळ रडलं का यापेक्षा आई परतल्यावर ते शांत कसं झालं, याला त्यात जास्त महत्त्व आहे.

१०. मेंदूशास्त्र आता ‘नकळत चालणाऱ्या प्रक्रिया’ मान्य करतं. म्हणजे फ्रॉइडचं अबोध मन खरं ठरलं?

नाव सारखं, वस्तू वेगळी. फ्रॉइडच्या अबोधात दडपलेल्या इच्छा असतात आणि त्या बाहेर यायला धडपडतात. बोधनिक मानसशास्त्रातलं नकळतपण म्हणजे जाणिवेची गरजच न पडणारी कामं. १९५३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकणारा हेन्री मोलेसन आरशात बघून चांदणी गिरवण्याच्या कामात दिवसेंदिवस सुधारत गेला, आणि दर वेळी त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतोय. इथे कुणी काही दडपलेलं नव्हतं, हाताची स्मृती वेगळ्या यंत्रणेत राहते इतकंच.

११. मॅस्लोच्या गरजांच्या पिरॅमिडमध्ये खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरूच होत नाही ना?

मॅस्लोने तसं म्हटलेलं नाही. १९४३ च्या लेखात पिरॅमिडचं चित्रही नाही, ते नंतर चिकटलं. उलट त्या लेखात त्याने उदाहरणादाखल, आकडे मनचे आहेत असं सांगूनच, एक सामान्य माणूस रंगवला : शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या, सुरक्षितता ७०, प्रेम ५०, आत्मसन्मान ४० आणि आत्मवास्तविकीकरण (आपल्या क्षमता पूर्ण फुलवणं) १० टक्के. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्ध्यामुर्ध्या जाग्या असतात. क्रम उलटा असणारी माणसंही त्याने मान्य केली होती. प्रयोगाने तपासलेला नियम म्हणून ही मांडणी कच्चीच आहे, गरजांची यादी म्हणून उपयोगी.

१२. स्वतःची एखादी सवय समजून घ्यायची तर कोणत्या दृष्टिकोनापासून सुरुवात करावी?

वर्तनवादी नोंदीपासून, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यात स्वतःला फसवणं अवघड जातं. दोन आठवडे प्रत्येक वेळी तीन रकाने भरायचे : लगेच आधी काय होतं (वेळ, जागा, सोबत कोण), नेमकं काय केलं, लगेच नंतर काय बदललं. ‘आळस केला’ असं लिहायचं नाही, ‘पुस्तक उघडलं, चार मिनिटांत फोन हातात घेतला’ असं लिहायचं. रात्री आठवून भरलेली नोंद बहुतेक निकामी असते, आठवण आपल्या समजुतीप्रमाणे वळते.

दोन आठवड्यांनी तिसरा रकाना वाचा. दर वेळी कंटाळा किंवा धास्ती गेलेली दिसली तर ते ऋण प्रबलन आहे, परिस्थिती बदलून पाहा. परिस्थिती कितीही वेगळी असली तरी आधीचा विचार एकच दिसत असेल, तर चौथा रकाना विचाराचा जोडा आणि बोधनिक अंगाने जा. नुसत्या नोंदीनेच सवय थोडी बदलते, म्हणून पहिल्या दोनतीन दिवसांच्या आकड्यांवर विसंबू नका. झोप, भूक किंवा जगण्याची इच्छाच गेली असेल तर हे रकाने पुरेसे नाहीत, डॉक्टरांकडे जायला हवं.

१३. ‘अमुक दृष्टिकोनातून स्पष्ट करा’ या प्रश्नात गुण कुठे जातात?

भाषांची सरमिसळ झाली की. वर्तनवादी उत्तरात ‘त्याला वाटलं’ आलं की उत्तर फसलं. दिलेल्या प्रसंगातली वस्तू संज्ञेला जोडलेली नसली तरी गुण जातात. ‘अनभिसंधित चेतक’ (न शिकवताच प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट) एवढं लिहून थांबू नका, इथे ते कोणतं, ते लिहा. आणि मर्यादा सांगताना ‘हा दृष्टिकोन एकांगी आहे’ हे कुठेही चिकटणारं वाक्य टाळून एक नेमका प्रयोग द्या, प्रश्न ८ मध्ये तीन आहेत.

१४. बक्षिसाने वर्तन वाढतं की आवड मरते? दोन्ही वाचलंय.

हा खरा वाद आहे, शब्दांचा खेळ नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल, दुसऱ्याला ते अचानक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटाने चित्रांना दिलेला वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्मा भरला. अचानक मिळालेल्या बक्षिसाने काही बिघडलं नाही.

अटी बघा : आवड आधीपासून होती, बक्षीस आधी कबूल केलेलं होतं, आणि चित्र कसंही काढलं तरी मिळणार होतं. ज्या कामात मुळात गोडीच नाही, तिथे गमावण्यासारखी आवड नसते, बक्षिसाने सुरुवात होते आणि पुढे ते हळूहळू काढता येतं. नेमक्या गोष्टीचं कौतुक सहसा आवड घटवत नाही. तेव्हा जे मूल न सांगता वाचतंय त्याला पानामागे पैसे देऊ नयेत, जे पाढ्यांपासून पळतंय त्याला चांदण्या चिकटवायला हरकत नाही.

१५. एखादा गुण ‘५० टक्के आनुवंशिक’ म्हणजे माझा अर्धा स्वभाव जनुकांतून आला का?

नाही. तो आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. ठरावीक गटात, ठरावीक परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. सगळ्यांना एकसारखं पोषण मिळालं तर उंचीची आनुवंशिकता वाढते, कारण फरक पाडणारं दुसरं काही उरत नाही.

उलटं उदाहरण हाताच्या बोटांचं. पाच बोटं येतात ती जनुकांमुळेच, तरी बोटांच्या संख्येची आनुवंशिकता फार कमी निघते, कारण ज्यांची बोटं कमी असतात त्यातल्या बहुतेकांची अपघातात गेलेली असतात. मेंदूच्या चित्रांबाबतही हीच सावधगिरी ठेवावी. भीतीच्या वेळी मेंदूचा एखादा भाग उजळला, म्हणजे भीतीची जागा दिसली. ती का बसली, हे त्या चित्रात नाही.

१६. मग सगळे दृष्टिकोन एकत्र करून का वापरत नाहीत?

वापरतात. जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्ये मांडलेलं जैव-मनो-सामाजिक प्रारूप तेच करतं. त्याचा दुरुपयोगही सोपा आहे : ‘थोडं जैविक, थोडं मानसिक, थोडं सामाजिक’ असं म्हणून मोकळं व्हायचं. कोणता घटक आधी बदलला तर काय हलेल, हे सांगितलं नाही तर ते स्पष्टीकरण नाही, यादी आहे. नीट जमलेली जोडणी बघायची तर बोधनिक वर्तनोपचार पाहा. विचार कागदावर तपासायचा हे बोधनिक, आणि मग खरोखर त्या वर्गासमोर उभं राहायचं हे वर्तनवादी. यातलं दुसरं गाळलं की रुग्णाला सगळं पटतं आणि भीती जिथल्या तिथे राहते.

१७. जुने प्रयोग पुन्हा केले तर निष्कर्ष येत नाहीत म्हणे. मग वर दिलेल्यांवर विश्वास किती ठेवायचा?

सारखा नाही, प्रत्येकावर वेगळा. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मुळात ९७ टक्के अभ्यासांत सांख्यिकीय दृष्टीने लक्षणीय निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांवर आले. अभिसंधान, चवीची नावड, वर्तन विझल्यानंतरचं पुनरागमन या गोष्टी असंख्य वेळा आणि निरनिराळ्या प्राण्यांत दिसल्या आहेत, त्या भक्कम. वॉटसन आणि रेनर यांचा १९२० चा ‘छोटा अल्बर्ट’ हे एकाच बाळावरचं प्रात्यक्षिक आहे. ते उदाहरण म्हणून द्यावं, पुरावा म्हणून नाही.

सहभागी कोण होते, हाही मुद्दा आहे. हेन्रिक, हाइन आणि नोरेनझायन यांनी २०१० मध्ये दाखवलं की मानसशास्त्रातले बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, सधन आणि लोकशाही समाजांतल्या लोकांवरून, त्यातही विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत. दोन सारख्या लांबीच्या रेषा टोकांच्या बाणांमुळे लहानमोठ्या दिसण्याचा तो प्रसिद्ध म्युलर-लायर दृष्टिभ्रमसुद्धा सगळ्या समाजांत सारखा बसत नाही, काहींना तर तो जवळपास जाणवतच नाही.